भिंतीची ओल

अहवालात चौदा पानं होती, नऊ तक्ते, दोनशे बारा नोंदी आणि शब्दकोशात नसलेला एक शब्द. अहवालांची भाषा तपासणाऱ्या मॉरीन सग्डनने त्या शब्दाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला.

"वीपेज? हे काय?"

"लीकेज असतं ना, तसंच," जोएल म्हणाला. यॉर्कशरमधल्या या धरणाच्या पाहणीवर लागून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. "वीप म्हणजे रडणं, त्याला तेच शेपूट जोडलं."

"उद्या शिंकण्यालाही जोडशील! कोशात नाही ते या टेबलावरून पुढे जात नाही, पोरा. एकतीस वर्षांत गेलेलं नाही."

"मग लिहू काय? लीकेज म्हणजे धार. ही धार नाही. सांध्यातून थेंब येतो, थांबतो, परत येतो. तासाला चमचाभर. पण मागच्या महिन्यात तोही नव्हता."

"ओल म्हण."

"ओल न्हाणीघराला येते, मॉरीन."

तिला हसू आलं. चहाचा कप बाजूला सारून तिने शब्द खोडला आणि वर नेटक्या अक्षरात 'डॅम्पनेस' लिहिलं.

"यालाही शेपूट आहेच की," जोएल पुटपुटला.

"आहे. पण जुनं आहे."

दुपारी मुख्य अभियंता तिच्या टेबलाशी उभा राहून अहवाल वाचू लागला. वाचताना ओळीखाली बोट फिरवायची त्याची सवय होती. अनोळखी शब्दाशी बोट थांबे आणि तो लगेच पाहणी करणाऱ्याला बोलावून घेई. आज बोट कुठेच अडलं नाही. त्याने सही केली आणि अहवाल वसंतातल्या डागडुजीच्या गठ्ठ्यात ठेवला. मॉरीन ते बोट पाहत होती. तिने पेन्सिलीला टोक केलं, मग टोक असलेल्या पेन्सिलीला पुन्हा केलं.

तिचं घर धरणाखालच्या दरीत होतं. बहिणीचंही.

गुरुवारी सकाळी ती स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं घेऊन भिंतीच्या पायथ्याशी गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. जोएल आधीच तिथे होता. वाढत्या ओलीची हद्द दाखवायला दगडांवर त्याने खडूच्या सात रेघा ओढल्या होत्या, सातवी अजून ओली होती.

"साहेबांना फोन केलास?"

"केला. म्हणाले, ओलच आहे ना?"

मॉरीनने भांडं सांध्याखाली धरलं.

"घड्याळ बघ," ती म्हणाली.

खाली दरीत शाळेची घंटा झाली. अर्धा लिटर भरायला त्रेचाळीस सेकंद लागले.