सैतानाचा आवाज

“हात वर कर, पोरी. काखेतूनही फिरवू दे,” असं म्हणत आमच्या स्टुडिओच्या चौकीदारानं, नाचोनं, यारेत्झीच्या अंगावरून सतापाच्या पाल्याची जुडी उतरवली. मी कॉफी पीत बघत होते. कॉफीत साखर होती, तरी कडू लागली.

इंग्रजी भुताखेतांचे सिनेमे मेक्सिको शहरात आमच्याकडे येऊन स्पॅनिश बोलायला लागतात. झपाटलेल्या पोरीच्या तोंडून सैतान बोलतो ना, तो आवाज सव्वीस वर्षं माझा. बाधा होऊ नये म्हणून, जो सैतानाचा आवाज काढणार त्याच्या अंगावरून सताप उतरवायचा अशी आमची रीत. तो मानही माझाच होता. यंदा दिग्दर्शक फेर्मीन म्हणाले, “ओफेलिया, तू पोरीच्या आईचं काम कर. सैतानाला ताजा गळा हवाय.” म्हणजे मी बाजारातली शिळी कोथिंबीर.

तो ताजा गळा म्हणजे यारेत्झी. चोवीस वर्षांची, त्यात वर नम्र. त्या नम्रपणाचाच मला जास्त राग यायचा.

“ओफेलियाबाई, तुम्ही तो आवाज काढता तरी कसा? मी केला की मांजर खोकल्यासारखं वाटतं.”

श्वास बाहेर सोडताना नाही, आत ओढताना बोलायचं. घसा शाबूत राहतो. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

“घसा खरवडून ओरड,” मी म्हणाले. “दुखलं की समज, जमलं.”

दुपारपर्यंत हिचा घसा बसेल आणि फेर्मीन मला हाक मारतील, एवढाच माझा हिशोब. मी ओठ रंगवून बाहेर बाकावर बसून राहिले.

दोन वाजता फेर्मीन खरंच आले. “ओफेलिया, आत ये. ऐक.”

पडद्यावर पोरगी खाटेवर कमान होऊन तडफडत होती. तिच्या तोंडून आवाज आला तो फाटलेला, जखमी. एका गळ्यासाठी दोघं झोंबत असल्यासारखा. माझ्या अंगावर काटा आला.

“तुझा सैतान नुसता घाबरवायचा गं,” फेर्मीन म्हणाले. “हिच्यात आतली पोरगीही ऐकू येते. उद्या अजून चाळीस वाक्यं घेऊ.”

यारेत्झीनं माझे दोन्ही हात धरले. आवाज कसला, नुसती फुंकर निघत होती. “तुम्ही सांगितलंत म्हणून जमलं. सख्ख्या आईनंही सांगितलं नसतं.”

असल्या घशानं उद्या चाळीस वाक्यं म्हटली, तर परवा हिला बसवाल्याला थांबही म्हणता आलं नसतं. मी गप्प बसले असते तर सैतान परत माझ्याकडेच आला असता. खोटं कशाला बोलू, अजूनही मत्सर काही विझला नव्हता.

“मी तुला मुद्दाम चुकीचं सांगितलं,” मी म्हणाले. “श्वास आत ओढायचा. ओढतानाच बोलायचं. घसा खरवडायचा नाही.”

तिनं माझे हात सोडले.

माझी पाळी आली. मी कानांवर हेडफोन चढवले. पडद्यावर आई बंद दारावर थापा मारत होती.

“पोरी, दार उघड. मी आहे गं.”

पहिल्याच झटक्यात पास झालं. काचेपलीकडे यारेत्झी माझ्याकडे पाठ करून बसली होती. श्वास आत ओढताना तिचे खांदे वर चढत होते.