पडद्यामागची निवड

मी साईटस्क्रीन बोलतोय. देशाच्या संघात कोण खेळणार, हे मी ठरवतो. बरं, ठरवतो म्हणजे, ठरवणारी माणसं माझ्या सावलीला बसून शेंगा खातात आणि टरफलं माझ्या पायाशी टाकतात. एवढाच काय तो माझा अधिकार.

ओळखलं नाहीत ना? मैदानावर बॉलरच्या पाठीमागं, हद्दीच्या बाहेर, एक भलामोठा पांढरा पडदा उभा असतो. बॅट्समनला लाल चेंडू नीट दिसावा म्हणून. तो मी. टीव्हीवर तुम्ही मला शेकडो वेळा पाहिलंय आणि एकदाही माझ्याकडं बघितलेलं नाही. चालायचंच. ज्याच्याकडं कुणी बघत नाही त्याला सगळं बघायला मिळतं.

माझा जन्म तासगावचा. तिथं एक बेदाण्याचं शेड मोडलं, त्याचे लोखंडी अँगल भंगारात पडले होते. अर्जुना वेल्डरनं त्यांना ठिणग्या पाजल्या, वर लाकडी पट्ट्या ठोकल्या, खाली हातगाड्याची चाकं बसवली आणि मला पांढरा रंग फासून सांगलीच्या या मैदानावर आणून उभं केलं. आधी माझ्या अंगावर द्राक्षं वाळायची, आता माझ्यासमोर उन्हात माणसं वाळतात. फरक एवढाच, की द्राक्षाचा निदान बेदाणा होतो.

शाळा म्हणाल तर अर्धवट झाली. माझ्या पाठीवर जाहिराती रंगवतात, तेवढंच माझं शिक्षण. ब्रश फिरला की अक्षर कळतं. पण गुंडा पेंटर अर्धी जाहिरात रंगवून जो चहाला जायचा, तो जत्रेलाच उगवायचा. त्यामुळं ‘अस्सल देशी गाईचं’ एवढं मला पाठ आहे. गाईचं काय, ते अजून समजलेलं नाही.

मला ढकलायचं काम भाऊसोचं. भाऊसो हा इथला मैदान राखणारा. बॅट्समननं हात वर केला की त्यानं यायचं आणि मला जरा इकडं, जरा तिकडं सरकवायचं. एखादा फार तोऱ्यात हात हलवायला लागला की माझं एक चाक अडकतं. आपोआप. भाऊसो जोर लावून लावून लाल होतो आणि म्हणतो, “चल की रं, गाढवाच्या.” मी चालत नाही. तो बॅट्समन तिकडं पाय आपटतो, त्याची सगळी तंद्री मोडते, पुढच्याच चेंडूवर बाद होतो. मग चाक सुटतं. ते पण आपोआप.

बॅट्समन ही जात मला चांगली ठाऊक आहे. बाद झाला की बॅटकडं बघतो, मग पीचकडं, मग माझ्याकडं. “पडद्यासमोरनं कोणतरी गेलं.” इतक्या जणांच्या विकेटी माझ्या नावावर आहेत, की खरं तर मलाच बॉलर म्हणून निवडायला पाहिजे. आणि फिरकी टाकणारे? बोटाला थुंकी लावायची, चेंडू हवेत उडवून झेलायचा, फील्डर चारदा हलवायचा आणि मग टाकायचा फुलटॉस. कीर्तनकारानं अर्धा तास टाळ जुळवावेत आणि मग घसा बसला म्हणून खाली बसावं, तसं.

पण ही सगळी परवडली. किळस आली ती निवड करणाऱ्यांची. त्यातही एकाची.

देशाच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या संघात दोन जागा राहिल्या होत्या. एक बॅटिंगची, एक डावखुऱ्या फिरकीची. त्यासाठी आज इथं मुलींची मॅच लावली आणि दोन निवडकर्ते आले. एक मिरजेच्या रेश्मा मॅडम. जुन्या विकेटकीपर, बोटं सगळी वाकडी, बोलणं सरळ. दुसरे साताऱ्याकडचे लालासाहेब. ऊस बक्कळ, मिशी बक्कळ, एके काळी राज्याकडून खेळलेले. तो एके काळ ते सकाळपासून सांगत होते.

रेश्मा मॅडमनी खुर्ची घेतली आणि माझ्या कडेला उन्हात टाकली, टोपी घालून. तिथनं बॉलरचा हात दिसतो. लालासाहेबांनी खुर्ची घेतली आणि टाकली थेट माझ्या मागं, सावलीत. आता मी पडदा आहे, काच नव्हे. माझ्यामागं बसलं की पीच दिसत नाही, बॉलर दिसत नाही, काही दिसत नाही. दिसतं फक्त ‘अस्सल देशी गाईचं’.

“काय झालं?” लालासाहेब मागनं विचारायचे.

“फोर गेली,” रेश्मा मॅडम कडेनं सांगायच्या.

“कुनी मारली?”

“बॅट्समननं.”

“ते हाय म्हना.” आणि पुन्हा शेंगा.

शेंगा संपल्या तशी तंबाखू निघाली. डाव्या तळव्यावर मळली, तोंडात सोडली आणि बोटाचा चुना पुसला माझ्या पट्टीला. लोकांना चुना लावणारे पुष्कळ बघितले होते. पडद्याला चुना लावणारे हेच पहिले. पिचकारी कुठं मारली ते सांगत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल. माझं ते चाक आता पावसाळ्यापर्यंत पांढरं होणार नाही.

मॅचमध्ये साताऱ्याची शिवांजली बॅटिंगला होती. लष्करातल्या माणसाची लेक, ताठ उभी राहणारी, चेंडू खणकन मारणारी. तिची जागा जवळपास पक्की होती. आणि तिला टाकत होती अपेक्षा.

अपेक्षा जतकडची, दुष्काळी भागातली. बाप तानाजी मेंढरं राखत राखत आता थोडी डाळिंबं लावून बसलेला. पहाटेच्या एसटीनं दोघं आली होती. पोरगी डावखुरी. तिचं मनगट मी पाठीमागनं बघत होतो. असं मनगट मी या मैदानावर पाहिलं नव्हतं. हे मी थट्टेनं बोलत नाही. माझ्या तोंडून असं वाक्य क्वचित निघतं, जपून ठेवा.

तिनं एक चेंडू उंच सोडला. मधल्या स्टंपासमोर पडला, शिवांजलीनं बॅट तिथं नेली, आणि चेंडू तिच्या बॅटीला वळसा घालून ऑफ स्टंप पाडून गेला. शिवांजलीनं बॅटकडं पाहिलं. पीचकडं पाहिलं. मी आपला तयार होतो, आता नाव माझंच येणार. पण माझ्याजवळनं जाताना ती रेश्मा मॅडमना म्हणाली, “मॅडम, लय वळला हो. मला कळलंच न्हाई.” पडद्याला दोष न देणारी आयुष्यातली पहिली बॅट्समन. मला दोन मिनिटं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

“काय झालं?” मागनं आवाज.

“बोल्ड,” रेश्मा मॅडम म्हणाल्या. “खुर्ची इकडं घ्या लालासाहेब. बघण्यासारखं आहे.”

“ऊन लय हाय. तुमी बघा, मला सांगा.”

अपेक्षाच्या पुढच्याच ओव्हरला नव्या बॅट्समननं चेंडू सरळ तिच्याकडं हाणला. तिनं तो अडवला, उजव्या हातानं. आवाज मला इथवर आला. तिनं ओव्हर पुरी केली. चहाची सुट्टी झाली तशी माझ्या मागं आली. लालासाहेब तेव्हा चूळ भरायला टाकीकडं गेले होते. तानाजी पाण्याची बाटली घेऊन उभा होता.

“बघू,” तानाजी म्हणाला.

“काय न्हाई.”

“आगं, सुजलाय की.”

“आण्णा, हळू बोला. कळलं तर म्हंतील पोरगी जखमी हाय, घरी जावा. टाकायचा हात डावा हाय. तो ठीक हाय न्हवं?”

तिनं उजव्या पंजावर ओला रुमाल बांधला आणि वरून टॉवेल टाकला. लपवालपवी मला कळते. पाठ एक आणि तोंड एक असा मी स्वतःच जन्मलोय. पण ही लपवालपवी बघून मला हसू आलं नाही.

तेवढ्यात लालासाहेब येऊन खुर्चीत बसले. भाऊसो किटली आणि कप घेऊन आला. दोन्ही हात भरलेले, म्हणून समोर दिसली त्या अपेक्षाला म्हणाला, “पोरी, एवढा कप दे बरं सायबास्नी.”

टॉवेलखालचा हात काढता येईना. तिनं डाव्या हातानं कप धरला आणि पुढं केला.

लालासाहेबांनी कपाकडं पाहिलं. हाताकडं पाहिलं. मिशी हलली. “ठेव खाली,” एवढंच म्हणाले. चहा तिथंच गवतात गार झाला. ज्या डाव्या तळव्यावर सकाळपासून तंबाखूचा घाणा चालला होता, त्याच्या मालकाला डाव्या हातानं दिलेला चहा बाटला.

मोठ्या माणसाला डाव्या हातानं देऊ नये, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही शिकवतात. मला ते मान्य आहे. पण गंमत बघा, माणूस आलाय कशाला? देशाला डावा हात शोधायला.

मुली पुन्हा मैदानात गेल्या. लालासाहेबांचा फोन वाजला. निवड समितीचे मोठे साहेब मुंबईहून बोलत होते. त्यांना संध्याकाळच्या आत दोन नावं पाहिजे होती. लालासाहेबांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण हाताला चुना होता, फोन कानाला लावता येईना.

“बॅटिंगला शिवांजली घ्या, सायेब. एक नंबर.”

“आणि फिरकीला? ती जतची मुलगी म्हणे चांगली आहे.”

“हाय तशी,” लालासाहेब म्हणाले, “पर पोरीला वळण न्हाई.”

घरातल्या बाईमाणसात बसून बोलले असते तर कुणालाही कळलं असतं. वळण म्हणजे रीत, संस्कार, चालचलणूक. पण तिकडं बसलेला माणूस क्रिकेटवाला.

“वळण नाही? मग स्पिनर म्हणून घेऊन करायचं काय? सरळ टाकणाऱ्या ढिगानं आहेत आपल्याकडं. राहू दे तिला, दुसरी बघतो.”

लालासाहेबांनी तोंड उघडलं. आता सांगतील, मला वाटलं. तसं न्हवं सायेब, बॉल वळतोय, मी आपलं चहाचं म्हणत होतो. पण हे सांगायचं तर बॉल वळतो की नाही ते बघितलेलं पाहिजे, आणि चहाची गोष्ट तर सांगताच येत नाही. त्यांनी तोंड मिटलं, तंबाखू या गालातून त्या गालात घेतली आणि म्हणाले, “बरं सायेब.”

माणसं एकमेकांची फिरकी घेतात, मीही घेतो. त्यात मजा असते. पण एका पोरीचं अख्खं नशीब चुकीच्या अर्थावर सोडून वर ‘बरं सायेब’ म्हणायचं, याला मजा म्हणत नाहीत. त्या चाकावरच्या पिचकारीला मी घाण म्हणत होतो. ती पाण्यानं निघेल.

रेश्मा मॅडमनी कडेनं सगळं ऐकलं होतं. उठून मागं आल्या.

“वळण नाही म्हणालात?”

“संस्कार म्हनायचं हुतं मला.”

“त्यांनी काय ऐकलं?”

“त्यांनी काय ऐकावं ते माझ्या हातात हाय व्हय?”

“फोन तुमच्याच हातात आहे. परत लावा, नाहीतर मी लावते. आणि मग तुम्ही दिवसभर कुठं बसला होता, तेपण सांगते.”

लालासाहेब खुर्चीतच सरकले आणि म्हणाले, “लावतो. पर पोरीनं आधी माझी माफी मागायची. चार लोकांसमोर.”

ही एवढी माझी हकिकत, आणि ती अजून संपलेली नाही. मॅच आटपलीय, सावली लांबलीय, पट्ट्यांचे खिळे ढिले झालेत, रंगाचे पोपडे उडालेत. पुढच्या मोसमात प्लॅस्टिकचा नवा पडदा येणार, असं भाऊसो म्हणत होता. येऊ दे. त्याच्याकडं माझं एकच मागणं, की आर-पार दिसेल असा ये बाबा. तुमच्याकडंही एक मागणं आहे. कुणाला निवडायचं असेल, पोरगी, पोरगा, सून, सरपंच, कुणीही, तर खुर्ची उन्हात टाकायची तयारी ठेवा. सावलीतनं फक्त माझी पाठ दिसते, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते मी सांगितलंच.

थांबा, आलेत सगळे इकडंच. रेश्मा मॅडम, भाऊसो, शिवांजली, आणि तानाजीच्या पाठीमागं अपेक्षा, हातावर टॉवेल. लालासाहेबांनी मोबाईलवर नंबर काढून ठेवलाय, नुसतं बोट लावायचं बाकी आहे.

“माग माफी,” लालासाहेब म्हणाले. “मी लगेच फोन लावतो. माझं काय वैर न्हाई.”

“माग की गं बाय,” तानाजी हळूच म्हणाला. टॉवेलाकडं बघितलं आणि मान फिरवली. खरं सांगावं तर पोरगी जखमी, न सांगावं तर बिनसंस्काराची.

“कशाची मागू?” अपेक्षानं विचारलं.

“कशाची म्हंजे? मोठ्या माणसाला डाव्या हातानं कधी काय द्यायचं नस्तं, हे शिकीवलं न्हाई का तुला घरी?”

“शिकीवलंय सर,” अपेक्षा म्हणाली. “मग देश मोठा हाय का न्हाई? त्याला विकेट कुठल्या हातानं देऊ, तेवढं फोन लावायच्या आदी सांगा.”