कर्नलसाहेबांची चूक

१९८६ साली रसायनीच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला हार घालून नारळ फोडला होता. टाकी भरत आली की त्या टाकीची घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. चैत्रात सात नंबरची टाकी उतू गेली. घंटेपाशी बसणारा चौकचा बुधाजी म्हणाला, "सातची घंटा वाजलीच नाय." पण कॉम्प्युटर चुकत नाही, असं त्याच्या पुस्तकातच छापलेलं होतं. त्याच मिनिटाला नऊ नंबरची घंटा ऐकून बुधाजीनं ती टाकी बंद केली होती. तेव्हा तो अर्धाच झोपला होता, असं चौकशीत ठरलं. त्याला घरी बसवलं. आता काढल्याचा कागद तेवढा यायचा होता.

कर्जतहून येणारी आमची बिलकिस प्रोग्रॅम लिही. तिनं खपून चूक शोधली. कॉम्प्युटरच्या गाभ्याला इंग्रजीत कर्नल म्हणतात; आमच्याकडे त्याची दोन नंबरची आवृत्ती होती. घंटांचा प्रोग्रॅम त्यालाच जोडलेला. दोन टाक्यांचे इशारे एकाच क्षणी आले की दुसरा पहिल्यावर लिहिला जाई आणि पहिली घंटा मुकी होई. दुरुस्ती दोन ओळींची: एक इशारा लिहून होईस्तोवर दुसऱ्याला दारात थांबवायचं. ती तपासून सही मी करायची होती.

दुसऱ्या दिवशी गेटवर बुधाजी हजर.

"सायब, चूक कर्नलची निघाली म्हनं? कबूल झाले का कर्नलसायब?"

मी समजावणार होतो. पण चार महिन्यांत माणूस पहिल्यांदा हसत होता.

"मिल्ट्रीतला मानूस," तो म्हणाला. "खोटं नाय बोलनार."

मी वीस वेळा दोन इशारे एकदम सोडले. जुन्या प्रोग्रॅममध्ये वीसही वेळा एकच घंटा, नव्यात दोन. शेरा लिहिला: दुरुस्ती योग्य. त्याखाली आणखी एक वाक्य: बुधाजी जागा होता.

मॅनेजरनं लाल पेन्सिल काढली. "दुरुस्ती म्हटलं की आधी मोडलेलं होतं असं होतं. 'सुधारणा' लिहा. खालचं वाक्य काढा."

"आणि बुधाजी?"

"सुधारणेशी त्याचा काय संबंध?"

"सर, सही करू नका," बिलकिस म्हणाली.

"नका करू," मॅनेजर म्हणाला. "जुनंच चालू दे."

जुनं चालू राहिलं तर टाकी पुन्हा उतू जाणार होती, आणि खाली कोण उभा असेल ते पुस्तकात छापलेलं नव्हतं. मी 'सुधारणा, आवृत्ती तीन' लिहून सही केली. बिलकिस माझ्याकडे न बघता उठून गेली.

गेटवर बुधाजीनं विचारलं, "कर्नलसायबांचं काय झालं?"

"दोन नंबरचे होते," मी म्हणालो. "आता तीन नंबरचे झाले."

"म्हंजे बढती?"

"बढती."



"बढती दिली म्हंजे चूक त्यांची नसंल," तो म्हणाला. "मंग मीच झोपलो असंन, सायब. अर्धा."