भाव विचारणारी

बाबांच्या पोटात कळ आली, तेव्हा ते दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होते. सुई तशीच कापडात खोचून ते स्टुलावर वाकले. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, कोट राहू दे. आधी डॉक्टर गाठा."

पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करायचं होतं, पण लगेच नाही. म्हणून मी फोन करून खर्च विचारला. एका हॉस्पिटलाने आकडा सांगितला, दुसऱ्याने त्याच ऑपरेशनचा तिप्पट सांगितला. सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलाने सांगायलाच नकार दिला.

आत्याच्या कानावर ते गेलं. आई गेल्यापासून घरात तिचाच शब्द चाले.

"बाप काय भाजी आहे, चार ठिकाणी भाव काढायला?"

"आत्या, तिप्पट फरक आहे."

"असू दे. अस्तराचं कापड घ्यायला दहा दुकानं फिर. जिवाचा भाव विचारतात का? लोक काय म्हणतील!"

आमच्याकडे ही रीतच होती. आजारपणात पैशाचं नाव काढायचं नाही. काढेल तो कंजूष, आणि ती मुलगी असेल तर तिला काळीजच नाही. ही रीत हॉस्पिटलांना आमच्यापेक्षा चांगली पाठ होती.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई म्हणते तसं कर."

मोठ्या हॉस्पिटलाच्या काउंटरवर मी तरीही विचारलं. काचेमागचा माणूस स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "ते आधी नाही सांगता येत. रूम कोणती देऊ?"

"स्वतंत्र," आत्याने परस्पर सांगून टाकलं.

खोली बदलली की त्याच डॉक्टरांच्या त्याच ऑपरेशनचा दरही बदलतो, हे त्याने सांगितलं नाही. खोलीचं भाडं तेवढं वाढेल, अशीच आमची समजूत होती.

ऑपरेशन नीट झालं. मग ताप आला. "दोन दिवस राहा, लक्ष ठेवू," डॉक्टर म्हणाले. त्याच दुपारी तोवरच्या बिलाचा आकडा खोलीत आला. बाबांनी तो वाचला आणि चष्मा काढला. मग भिंतीला धरत धरत ते काउंटरपर्यंत गेले.

"साहेब, आणखी दोन दिवस राहिलो तर किती वाढतील?"

"शेवटच्या बिलात कळेल."

"अंदाजे तरी?"

"ही काय टॅक्सी आहे का काका, आधी ठरवून बसायला?"

बाबा हसले. अपमान झाला की ते हसत. मग स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी डिस्चार्ज घेतला. डॉक्टर रागावले, मी हातापाया पडले. "घरी काय ताप उतरत नाही?" बाबा म्हणाले.

उतरला नाही. हॉस्पिटलात परत नेताना, वाटेतच ते गेले.

भेटायला येणारे म्हणत, "एवढ्या मोठ्या ठिकाणी ठेवलंत, काही कमी केलं नाहीत." आत्या डोळे पुसत मान हलवायची.

नंतर एका शिक्क्यासाठी मला त्याच काउंटरवर जावं लागलं. माणूसही तोच होता.

"ते दोन दिवस माझे वडील राहिले असते, तर किती वाढले असते?"

त्याने बटणं दाबली. "काहीच नाही. त्या रूमच्या पॅकेजमध्ये ते दिवस धरलेलेच होते."

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

"पॅकेजमध्ये काय येतं ते आधी बोलायचं नाही, अशी वरून ऑर्डर आहे. बाजूला व्हा, मॅडम. पुढे कोण?"

पुढे एक नवराबायको होते. मागे बाकावर म्हातारे वडील पोट धरून बसले होते. रूम कोणती, असं विचारल्यावर बायको काहीतरी बोलायला गेली. नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. "स्वतंत्र सांग ना! वडिलांच्या बाबतीत घासाघीस करायची का?"

मी काचेसमोरून हलले नाही.

"यांच्या ऑपरेशनचे किती होतील ते आधी सांगा. कोणत्या खोलीत किती, तेही सांगा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"तुम्ही कोण मध्ये पडणाऱ्या?" नवरा खेकसला. "माझे वडील आहेत ते!"

"म्हणूनच."

मागची रांग ओरडायला लागली, काचेमागच्या माणसावर नव्हे, माझ्यावर. वॉचमनने येऊन माझा दंड धरला, तेव्हा मी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारत होते.