उकडलेल्या बटाट्याची साक्ष

प्रयोगशाळेत तिला सगळे चिचुंद्री म्हणत. जमिनीखाली वाढणारी, ट्रफलसारखी गोळा-गोळा अळंबी शोधायची म्हणजे पालापाचोळा हुंगत, माती उकरत फिरण्यावाचून इलाज नव्हता, आणि ते तिच्याइतकं मन लावून कुणी करत नसे. आज मात्र चिचुंद्रीचं तोंड एवढंसं झालं होतं.

तिला सापडलेली लिंबाएवढी तपकिरी अळंबी म्हणजे नवी जात, असं तिनं लेखात लिहिलं होतं. लेख तपासणाऱ्या तज्ज्ञानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. डीएनए सांगत होता, ही कापल्यावर दूध गाळणाऱ्या अळंब्यांच्या कुळातली. त्या कुळात बीजाणूंवर नक्षी असते. आणि चिचुंद्रीनं लिहिलं होतं, बीजाणू गुळगुळीत.

"म्हणजे डीएनए एकीचा आणि बीजाणू दुसरीचे," तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नाहीत, हेच तिला जास्त लागलं. "ड्रायरमध्ये दोन डब्या शेजारी होत्या ना? झाली असेल अदलाबदल. संध्याकाळी लेख मागे घेऊ."

"पण मॅडम, हिला कापलं तेव्हा दूध आलं होतं. मी पाहिलंय."

"आता वाळल्यावर ते कुणाला दाखवशील? अगं, चुकीची जात एकदा छापली गेली की पुढच्या पिढ्या निस्तरत बसतात."

ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. पाण्यात ती नक्षी धड दिसत नाही. आयोडीनच्या द्रावणात निळी-काळी उठून दिसते. तिनं काचपट्टीवर अळंबीचा कण ठेवला, द्रावणाचा थेंब सोडला. फिकट गोल बीजाणू. कालच्यासारखेच तुकतुकीत, टक्कल पडल्यासारखे. आपणच डब्या बदलल्या असतील, असं आता तिलाही वाटू लागलं.

दुपारी बाहेरच्या बाकावर तिनं जेवणाचा डबा उघडला, तसा शेवाळ्या टपकलाच. तो शेवाळावर काम करायचा आणि दुसऱ्यांच्या डब्यांवर जगायचा.

"पुन्हा उकडलेला बटाटा? तुझ्या बाबांना दुसरं काही येत नाही का?"

"येतं. जास्त उकडलेला बटाटा."

त्यानं एक फोड उचलली, पण तोंडात जायच्या आधीच तिनं त्याचं मनगट पकडलं.

"थांब. बटाट्यावर आयोडीन टाकलं की काय होतं?"

"काळानिळा पडतो. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. माझा घास सोड."

ती धावत आत गेली, खिडकीतली द्रावणाची बाटली घेऊन आली आणि फोडीवर थेंब टाकला. दोघं बघत राहिले. बटाटा जसाच्या तसा.

"ही बाटली खिडकीत कुणी ठेवली?"

शेवाळ्यानं मान खाजवली. "मी. कपाटात माझ्या बरण्या मावेनात. का गं?"

"उजेडानं आयोडीन मरतं, गाढवा!" असं म्हणताना तिला हसू फुटलं होतं.

कपाटातली नवी, सीलबंद बाटली फोडली. दुसऱ्या फोडीवर थेंब पडताच ती शाईत बुडवल्यासारखी काळी झाली. मग काचपट्टी. तिनं नवा थेंब सोडून डोळा लावला. आणि मग दिसली: प्रत्येक बीजाणूभोवती काळी-निळी जाळी, विणल्यासारखी. शेजारच्या डबीतल्या अळंबीचे बीजाणू त्याच द्रावणात साधेच राहिले. डब्या बदललेल्या नव्हत्या. तिचा जीव भांड्यात पडला.

मॅडमनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

"ओळखीच्या बीजाणूंवर द्रावण तपासून घेतलं होतंस?"

"नाही, मॅडम."

"यापुढे घे. वर्णन बदल, कारण लिही, सुधारलेला लेख पाठवू." त्या उठल्या. "आणि दूध पाहिलंस तेही लिही. आता मानतील."

रिकाम्या वर्गात जाऊन तिनं घरी फोन लावला.

"बाबा, लेख मागे घ्यावा लागणार नाही!"

"मला माहीतच होतं. डबा संपवलास का?"

"दोन फोडी सोडून. त्यातली एक काळी पडली."

"नासका निघाला की काय बटाटा?"

"नाही हो बाबा," डोळे पुसत ती म्हणाली, "चांगलाच निघाला."