ढोलाचं अर्धं पोट

पेरणीच्या आत पोराला घरी न्यायचंच, असं ठरवून आर्णीकडच्या बंजारा तांड्याचा नायक धरमसिंग राजूरला आला. नायकाचा थोरला पोरगा परक्याच्या कारखान्यात दगड दळतो, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्याच्या आजाने मिठाच्या गोण्या लादलेले बैल मुलूखभर हाकले होते. चाकरी कोणाचीच केली नव्हती.

प्रेमसिंगने बापाला थेट ढोलापाशी नेलं. आत माणूस सहज उभा राहील एवढा लोखंडी ढोल, आडवा घातलेला, धडधडत फिरणारा.

"यात चुन्याचा दगड अन् लोखंडाचे गोळे हायेत, बा. ढोल फिरला का गोळे भिंतीसंगं वर चढतात अन् दगडावर आदळतात. म्हणून अर्धं पोट रिकामं ठेवा लागते. पडाले जागाच नसंल तं दळतीन कसे?"

"अन् एवढी भुकटी कायले लागते?"

"खाणीले. कोळशाची धूळ पेटली का आग भुयारभर पळते. ही भुकटी मारली असली का पसरत नाही. पण मैद्यावानी बारीक पाह्यजे."

नायकाने नुसता हुंकार दिला. त्याला पोरगा न्यायचा होता, भुकटी नाही.

बाप बघतोय म्हटल्यावर प्रेमसिंगच्या अंगात वारं शिरलं. पुढच्या घाण्याला त्याने दगड दाबून भरला. ढोल फिरला, पण आवाज बसका निघाला. वेळ झाल्यावर झाकण उघडून त्याने भुकटी चिमटीत चोळली, तर रवाळ.

माल न्यायला ट्रक उभाच होता. कारखाना सांभाळणारे कमलाकरराव आले. यवतमाळच्या वकिलाच्या घरचा हा माणूस. प्रेमसिंगला ढोलाचं काम त्यांनीच शिकवलं होतं.

"आज कोणी भरलं?"

"जाऊ द्या ना साहेब," ट्रकवाला मध्येच बोलला, "खाणीत कोन चाळून पाह्यते?"

दगड वाहणारे चार गडी होते. कोणावरही ढकलता आलं असतं. प्रेमसिंगने बापाकडे एकदा पाहिलं.

"म्या भरलं, साहेब. बाले हुशारी दाखवाले गेलो. हा माल मी जाऊ देत नाही. अर्धा काढतो, पुन्हा दळतो."

पंचापुढे खरं बोलताना भल्याभल्यांची बोबडी वळलेली नायकाने पाहिली होती. इथे तर पोराने बापासमोर मान खाली घालून घेतली होती, ती कुठल्याशा अनोळखी माणसांच्या जिवासाठी. म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. ट्रकवाला कुरकुरायला लागला, तसा तो पुढे झाला.

"थांब जरा. नायकाच्या घरचा माल हाय, खोट घेऊन जात नसते."

आणि दुसरा घाणा उतरेपर्यंत तो तिथेच ऐटीत बसून राहिला.

तो तांड्यावर एकटाच परतलेला पाहून त्याची बायको लालीबाई दारातच म्हणाली, "पोरगं काहून नाही आनलं?"

"पेरणीले गडी पाहून ठेव," नायक म्हणाला. "त्याले कसा आनू? तिथं जमिनीखाली मानसं काम करून राह्यले."