मोठ्या ड्रमवाल्याची जागा

धोंडीरामभावजी आले तेव्हा सुलाबाईंनी त्यांना आलं घालून चहा केला, बशीत दोन खारी ठेवल्या. बातमी आधी कळली असती तर त्याच चहात त्यांनी मीठ घातलं असतं. तसा भावजींचा काही दोष नव्हता, ते बिचारे बँडवाल्या दोस्तांच्या कमिटीचा निरोप घेऊन आलेले. पण सुलाबाईंचा राग एकदा सुटला की समोर असेल त्याला आधी लागतो. खरा गुन्हेगार कोण ते मागाहून बघितलं जातं.

"झुंबर," भावजी खारीला हात न लावता म्हणाले, "कमिटीनं तुझं नाव काढलं. मॉरिशसला मोठ्या ड्रमवर दुसरा माणूस जाणार."

सुलाबाईंचे यजमान झुंबर पगारे पलटणीच्या बँडमध्ये चोवीस वर्षं मोठा ड्रम वाजवत होते, आणि धोंडीरामभावजी त्याच बँडातले. गळ्यात पट्टा, पोटापुढे ड्रम आणि समोरचं काही दिसत नाही म्हणून मान कायम एका बाजूला. ती मान रिटायर झाल्यावरही सरळ झाली नाही. तरुणपणी हा बँड मॉरिशसला एका सोहळ्यात वाजवून आला होता. आता तिथल्या जुन्या बँडवाल्यांनी बोलावणं धाडलं होतं: या, सगळे म्हातारे पुन्हा जमू, त्याच मैदानावर एकदा एकत्र वाजवू, आणि येताना बायकांनाही आणा. नाशिक रोडच्या आसपास राहणाऱ्या बँडवाल्यांनी लगेच कमिटी केली. सुलाबाईंनी पासपोर्ट काढला. फोटोवाला म्हणाला, हसायचं नाही, तर "मंग काय रडू?" असं त्यांनी त्यालाच विचारलं. कॉलनीत सांगायचं कुणी शिल्लक राहिलं नव्हतं. शेजारच्या छायाने तर तिथून शंख आणायला सांगितला होता.

"का काढलं?" झुंबरनी हळूच विचारलं.

भावजी पंख्याकडे बघत म्हणाले, "रिटायर झाल्यावर तू सातपूरच्या बँडात लग्नं वाजवली ना. अध्यक्ष गायधनी साहेब म्हणतात, परदेशात कुणी विचारलं, हे गृहस्थ काय करतात, तर वरातीत वाजवतात म्हणून सांगायचं का? पलटणीच्या नावाला बट्टा लागतो."

सुलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या.

"आन् तुमी गप ऐकून घेतलं?"

"वहिनी, साहेबांपुढं कोण बोलणार?"

"सायेब! समदे घरी बसून म्हातारे झाले, आजून सायेब!"

राग येणार नाही तर काय होईल? पलटण सुटली तेव्हा दोन पोरं शाळेत होती आणि जवानाच्या पेन्शनीत काय होतं ते जवानाच्या बायकोला विचारावं. सुलाबाई सातपूरला कारखान्यात पाळीवर जाऊ लागल्या आणि झुंबरनी ड्रम गळ्यात घातला. बाकीच्यांनी कुणाच्या गेटावर, कुणाच्या एटीएमपाशी खुर्ची टाकून वॉचमनकी केली. त्याने पलटणीला बट्टा लागला नाही. यांनी जे अंगात होतं तेच केलं, तर म्हणे बट्टा! लढाई लागली की बँडवाले बाजे ठेवून स्ट्रेचर उचलतात. झुंबरनीही उचलली, बर्फातून, गोळ्यांखालून. जखमी उचलणारे हात कुणाच्या लग्नात वाजले की बाटतात का?

"जाऊ दे, सनीची आई," झुंबर म्हणाले. धाकट्या मुलाच्या नावाने ते बायकोला हाक मारत. "म्हातारपणी काय विमानं न् काय मैदानं."

असं म्हणून ते जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले. तेवढ्यावरून सुलाबाईंना काय समजायचं ते समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या कमिटीच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर गेल्या. जयराम गायधनी पलटणीत क्लॅरिनेट वाजवत वाजवत वर चढले आणि निवृत्त होताना ऑनररी कॅप्टन झाले. बंगल्याच्या फाटकावर त्यांच्या नावाआधी 'कॅप्टन' लिहिलेली पितळी पाटी होती आणि ती रोज पुसली जात असावी.

"बसा वहिनी," कॅप्टनसाहेब म्हणाले.

"बसाया नाय आले. यांचं नाव का काढलं ते तुमच्या तोंडून आयकाया आले."

साहेबांनी पलटणीची इज्जत, देशाची प्रतिष्ठा, परदेशी पाहुणे असं बरंच काही सांगितलं. भाषण चांगलं होतं, एखाद्या शाळेत प्रजासत्ताक दिनाला खपलं असतं.

"मंग ड्रम कोन वाजवनार?"

"आमचे जावई. राकेश. नाशिक ढोल फार चांगला वाजवतात. गणपतीत त्यांच्या पथकाचं नाव असतं. पाहुणे वादक म्हणून नेऊ. ढोल काय आणि ड्रम काय, हात बसलेला असला म्हणजे झालं."

हा राकेश त्यांना चांगला माहीत होता. साहेबांच्या मुलीच्या, पायलच्या लग्नात तो घोड्यावर बसून आला होता, आणि त्या घोड्यापुढे ड्रम वाजवत चालले होते ते झुंबर पगारे. साहेबांनीच बोलावलं होतं, "आपला माणूस असताना बाहेरचा बँड कशाला" असं म्हणून. चैत्रातलं ऊन, डांबर पायाला चिकटत होतं.

"सायेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या पोरीच्या वरातीत यांनी ड्रम वाजवला, तवा पलटनीला बट्टा नाय लागला? घोड्यावर बसला त्यानं मॉरिशसला जायाचं, आन् घोड्यापुढं चालला त्यानं घरी बसायचं. ह्यो कुठला न्याय?"

"वहिनी, तो घरचा विषय होता."

"आमच्या घरचा बी ह्योच इषय हाय!"

पण आंधळ्यापुढे आरसा धरून काय उपयोग. साहेबांनी आत वळून "वहिनींना चहा आणा" म्हटलं, आणि सुलाबाई चहाची वाट न बघता फाटकाबाहेर पडल्या. रस्ताभर त्यांचे ओठ हलत होते. एका रिक्षावाल्याने "कुठं जायचं मावशी?" विचारलं, तर त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले.

रविवारी सकाळी कॉलनीमागच्या मैदानावर सराव होता. झुंबरनी इस्त्रीचा शर्ट घातला.

"तुमी कुठं निघाले?"

"बघून येतो. सगळे भेटतील."

"नाव काढलं तरी बघाया जायाचं? काय लाज-शरम?"

"अगं, दोस्त हेत माझे."

मग सुलाबाईही चप्पल घालून मागोमाग निघाल्या. नवऱ्याला पुन्हा कुणी काही बोललं तर ऐकून घ्यायला तो होताच, उलट बोलायला कुणीतरी बरोबर पाहिजे. ती दोघं मैदानाच्या कडेला सिमेंटच्या बाकावर बसली. समोर म्हाताऱ्यांनी रांगा धरल्या. कुणाचं पोट पुढे, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. धोंडीरामभावजींच्या हातात कॉर्नेट होतं. मागच्याच वर्षी त्यांची बायपास झालेली. पुढे हातात चकचकीत दंडा घेऊन कॅप्टनसाहेब, आणि मधोमध गळ्यात मोठा ड्रम अडकवून जावईबापू राकेश, डोळ्यांवर काळा चष्मा.

बँड सुरू झाला. राकेशचा हात खरंच चांगला होता, ते सुलाबाईंनाही मनातल्या मनात कबूल करावं लागलं. धून एकदा झाली, दुसऱ्यांदा झाली. दुसऱ्यांदा संपली की थांबायचं ठरलं होतं, पण ती तिसऱ्यांदा सुरू झाली. झुंबरनी मान आणखी तिरकी केली.

लष्करी बँडचा एक कायदा आहे. कुठे थांबायचं हे मोठा ड्रम सांगतो. शेवट जवळ आला की तो जोडठोके देतो, धडधड, धडधड, आणि मग सगळे बाजे एकदम बंद. ते ठोके येत नाहीत तोवर बाजा तोंडावरून काढायचा नाही, मग समोरून कुणी ओरडो नाहीतर आभाळ कोसळो. वर्षानुवर्षं हेच अंगात मुरलेलं. आणि राकेशला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मुद्दाम नव्हे. हे सांगावं लागतं, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पोळी गिळायची असते असं जावयाला कुणी सांगतं का? राकेशच्या पथकात पुढच्या माणसाने शिट्टी मारली की ढोल थांबायचे. तो शिट्टीची वाट बघत होता, बँड त्याची वाट बघत होता.

चौथ्यांदा धून सुरू झाली तेव्हा कॅप्टनसाहेब मागे वळले आणि दंडा उंच करून हलवू लागले. पथकात ध्वज असा उंच हलला की त्याचा अर्थ जोर वाढवा. राकेशने जोर वाढवला. साहेब ओरडले, "अरे थांब!" पण त्या आवाजात साहेबांचं कोण ऐकणार? म्हातारे पाय आपटत मैदानाला फेऱ्या मारू लागले. चेहरे लाल, शर्ट घामाने पाठीला चिकटलेले, पण एकानेही बाजा खाली केला नाही.

"वाजवा, वाजवा!" सुलाबाई बाकावरून म्हणाल्या. "आजून जोरात वाजवा! जावई हायेत, हौस फिटू द्या!" त्यांना इतकं बरं वाटत होतं की सांगता सोय नाही.

मग त्यांना धोंडीरामभावजी दिसले. ओठ निळसर पडले होते, पाऊल वाकडं पडत होतं, आणि कॉर्नेट तरीही तोंडाला.

"आवो, उठा," त्या एकदम म्हणाल्या. "भावजी पडत्याल!"

झुंबर हलले नाहीत. "ते माझं काम नाय आता," ते म्हणाले. "ड्रमवाला दुसरा हे."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा आवाज सुलाबाईंनी कधी ऐकला नव्हता. म्हणजे अर्ध्या भाकरीवरून वाटलं त्याहून खोल लागलं होतं तर! त्यांच्याहून जास्त लागलं होतं, आणि हा माणूस तोंडाला कुलूप लावून इस्त्रीचा शर्ट घालून इथे बसला होता.

"मला कळतंय वो," त्या म्हणाल्या. "पन भावजींचा काय गुन्हा?"

भावजी अडखळले. झुंबर उठले आणि त्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने धावले. पाण्याचं निळं प्लास्टिकचं पिंप बाजूला उभं होतं. ते अर्धं रिकामं होतं, आणि त्यावर दोन्ही मुठींनी झुंबरनी ठोके दिले. धडधड, धडधड.

सगळा बँड जागच्या जागी थांबला. पाय थांबले, बाजे खाली आले. राकेश एकटाच आणखी दोन ठोके वाजवून गप्प झाला. म्हातारे जिथे होते तिथेच मातीत बसले. कुणीतरी भावजींच्या शर्टाची बटणं सोडली, पाणी पाजलं. हळूहळू त्यांच्या ओठांना रंग आला.

"मला कुणी शिट्टीच नाही मारली!" राकेश रडकुंडीला येऊन म्हणाला. "पप्पांनी दंडा वर केला, मी वाढवलं!"

कॅप्टनसाहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "झुंबर," ते म्हणाले, "ठीक आहे. तूही चल. राकेशच्या मागं उभा राहा, शेवट आला की त्याला इशारा करत जा. मदतनीस म्हणून तुझं नाव घालतो."

मदतनीस! सुलाबाईंनी पदर खोचला. पण त्यांच्या आधी मातीत आडवे पडलेले धोंडीरामभावजीच बोलले.

"मग माझं नाव काढा, साहेब."

"धोंडीराम, तू गप पड."

"गप पडलो म्हणूनच हे झालं. त्या दिवशी मीटिंगमध्ये बोलायला पाहिजे होतं."

"माझं पण काढा," मागून ट्रॉम्बोनवाला म्हणाला. मग आणखी एक हात वर झाला. राकेशने कुणाकडे न बघता गळ्यातला पट्टा काढला आणि ड्रम झुंबरपुढे आणून ठेवला. "काका, घ्या. माझ्या वरातीत तुम्हीच होता ना? मला आठवतंय."

साहेब दंड्याच्या टोकाने माती उकरत राहिले. "बरं," शेवटी ते म्हणाले. "झुंबर, ड्रम घे."

आता नवरा दोन शब्द सुनावेल, निदान एक तरी, म्हणून सुलाबाई वाट बघत होत्या. झुंबरनी टाचा जुळवल्या, "जी साहेब" म्हटलं, आणि पट्टा गळ्यात घातला. चेहरा तर असा फुलला होता की यात्रेतल्या पोराचासुद्धा तेवढा फुलत नाही. माफी नाही, खेद नाही, चुकलो म्हणून एक अक्षर नाही, आणि हा माणूस खूश! अशा नवऱ्याचं करायचं काय?

सुलाबाई तडक मैदानाच्या मधोमध कॅप्टनसाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, ते इसरले. त्यांचं काळीजच तसं हाय. मी नाय इसरले."

"वहिनी, झालं ना आता तुमच्या मनासारखं?"

"नाय झालं. तिकिटं काढताल तवा माझी शीट तुमच्या शेजारी घ्या."

"माझ्या? झुंबरच्या शेजारी नको?"

"त्यांच्यासंग काय बोलायचं? त्यांच्या वाटचं जे बोलायचं ऱ्हायलंय ते तुमच्यासंग बोलायचंय. इमानातून तुमाला उठून बाहेर जाता येनार नाय, आन् मधी चहा सांगून मला घालवता बी येनार नाय."